दोन साचे की तीन?

१९२७ साली एक सरकारी अहवाल बाहेर पडला आणि त्यातले मोजके आकडे पुढची दोन वर्षं मुंबईच्या गिरणगावाला पुरले. सूतकताईच्या खात्यात एक कामगार किती चात्या सांभाळतो, हा प्रश्न होता. उत्तर असं: हिंदुस्थानात १८०, जपानात २४०, इंग्लंडात ५४० ते ६०० आणि अमेरिकेत ११२०. विणकामाचा हिशेबही त्याच वळणाचा. इथला साचेवाला दोन साचे चालवतो, जपानी कामगार सरासरी अडीच, इंग्रज चार ते सहा, अमेरिकन नऊ.

हा अहवाल टेरिफ बोर्डाचा, म्हणजे आयात जकातीचा विचार करायला नेमलेल्या मंडळाचा होता. अध्यक्ष होते फ्रँक नॉइस. गिरणीमालक मंडळापुढे गेले होते ते जपानी कापडापासून संरक्षण मागायला. मंडळाने थोडी जकात वाढवून द्यावी अशी शिफारस केली, पण सोबत मालकांना दोन गोष्टी सुनावल्या: कारभार सुधारा आणि माणसामागे काम वाढवा. सरकारने जकातीची शिफारस बहुतांशी बाजूला ठेवली. मग मालकांच्या हातात उरले ते चात्यांचे आणि साच्यांचे आकडे.

मुंबईच्या गिरण्यांना मोजमापाची सवय नव्हती असं नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हापासून पौंड आणि वार मोजले जातच होते. प्रश्न होता, कोण काय मोजतं याचा. गिरणी चालवायची ती मॅनेजिंग एजंटाने, आणि सुरुवातीच्या काळात त्याचं कमिशन ठरायचं उत्पादनावर. पौंडाला पाव आणा. माल विकला जावो न जावो, नफा होवो न होवो, यंत्रातून सूत बाहेर पडलं की एजंटाचा पाव आणा पक्का. जमशेटजी टाटांनी स्वदेशी मिलमध्ये हे कमिशन नफ्याला बांधलं आणि हळूहळू इतरांनीही ती वाट धरली. तरी ‘सूत जास्त निघालं म्हणजे गिरणी चांगली चालली’ ही समजूत पुष्कळ दिवस टिकली. सुताला चीनची बाजारपेठ होती तोवर ती खपूनही गेली.

पुढे चीनची बाजारपेठ जपानने घेतली. पहिल्या महायुद्धाने मात्र मुंबईला पुन्हा उचललं. लँकेशायरचा माल येईना, भाव चढले, आणि १९२० मध्ये काही कंपन्यांनी भागधारकांना शंभर टक्क्यांहून अधिक लाभांश वाटला. त्या पैशातला फारच थोडा नव्या यंत्रांत गेला. दोन वर्षांत बाजार उतरला. रुपयाचा दर अठरा पेन्सवर ठेवण्याचं सरकारी धोरण आलं आणि परदेशी माल आणखी स्वस्त झाला. जपानच्या गिरण्या दोन पाळ्यांत चालत होत्या, मुली आणि बायका रात्रपाळीला उभ्या होत्या. इथे विणलेल्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के उत्पादन कर होता, तो लँकेशायरच्या सोयीसाठी लावलेला आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मालकांनी आधी सरळ वाट धरली. १९२५ मध्ये पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखांवर कामगार बाहेर पडले आणि जवळजवळ तीन महिने बाहेर राहिले. डिसेंबरात सरकारने उत्पादन कराची वसुली थांबवली, मालकांनी कपात मागे घेतली, भोंगे पुन्हा वाजले. यातून मालकांना कळलं की पगाराला थेट हात घालणं महाग पडतं. तोच खर्च दुसऱ्या बाजूने कमी करायचा तर माणसं कमी करावी लागणार होती. टेरिफ बोर्डाच्या आकड्यांनी त्या विचाराला शास्त्राचा पोशाख दिला. ‘रॅशनलायझेशन’ हा त्या दिवसांतला परवलीचा शब्द. कामगार त्यालाच ‘दोन साइड, तीन साचे’ म्हणत.

या शब्दांमागे प्रत्यक्षात काय होतं, हे खात्यात शिरल्याशिवाय कळत नाही.

कताई होते ती त्रासन खात्यात. रिंग फ्रेम म्हणजे एक लांबलचक यंत्र, त्याला दोन अंगं, प्रत्येक अंगाला ओळीने चात्या. एका अंगाच्या चात्या म्हणजेच साधारण ते १८०. सायडर आपल्या साइडपुढे येरझाऱ्या घालतो आणि तुटलेली तार दिसली की बोटांनी सांधतो. मुख्य काम एवढंच. तार तुटली नाही तर माणूस नुसता चालतो. भराभर तुटू लागली तर एक सांधेपर्यंत दुसऱ्या चार सुटलेल्या असतात. आता तार तुटते कशाने? आखूड धाग्याचा कापूस, स्वस्त पडावा म्हणून केलेली मिसळ, झिजलेले रूळ, कोरडी हवा यांनी. यातलं काहीही सायडरच्या हातात नाही. कापूस घेतो एजंट, मिसळ ठरवतो मास्तर, रूळ बदलायचे की नाही ते ठरतं ऑफिसात.

साच्यावरची गोष्ट याहून वेगळी. मुंबईतले बहुतेक साचे लँकेशायर बनावटीचे साधे माग. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते. संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी धोट्यात घालायची, तोंड लावून धोट्याच्या भोकातून धागा ओढून घ्यायचा आणि साचा पुन्हा चालू करायचा. दोन साचे असले तर हा खेळ दिवसभर दोन ठिकाणी. अमेरिकेत मात्र १८९० च्या दशकात नॉर्थ्रोपचा स्वयंचलित माग आला होता. त्यात संपलेली कांडी यंत्र स्वतःच बदलतं आणि उभा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. म्हणजे अमेरिकेच्या ‘नऊ’ या आकड्यात हे यंत्रसुद्धा मोजलं गेलं होतं. अहवालाच्या तक्त्यात ते दिसत नव्हतं. तिथे फक्त देशाचं नाव आणि माणसामागचा आकडा होता.

यंत्राची गोष्ट मान्य केली म्हणून सगळा दोष यंत्रावर टाकता येत नाही, हेही खरं. लँकेशायरचा विणकर तसलेच साधे चार माग सांभाळत होता. मुंबईत खाड्यांचं प्रमाण मोठं होतं. सुगी आली, लग्नसराई आली, घरून पत्र आलं की माणूस कोकणात किंवा घाटावर निघून जायचा. त्याच्या जागी दारात उभा असलेला बदली घ्यायचा. माणूस घ्यायचा की काढायचा हे जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, ठरवायचा आणि नव्या माणसाकडून दस्तुरी घ्यायचा. खात्यात माणसं जास्त तर जॉबरचा मान जास्त. माणसं स्वस्त होती, म्हणून मालकही त्या जादा माणसांकडे काणाडोळा करत आले होते. सुस्ती होती, पण ती एकट्या कामगाराची नव्हती. तक्त्याने तिची जबाबदारी मात्र एकट्या त्याच्या नावावर टाकली.

पहिलं पाऊल टाकलं ई. डी. ससून कंपनीने. मुंबईतल्या पुष्कळ गिरण्या या एकाच घराण्याकडे होत्या आणि कारभार पाहणारे फ्रेडरिक स्टोन्स हे नव्या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते. १९२७ च्या मध्यापासून ससूनच्या काही गिरण्यांत साचेवाल्याला तीन साचे आणि सायडरला दोन साइड देण्याचा प्रयोग सुरू झाला. मालकांचं म्हणणं साधं होतं: कामगाराची कमाई वाढेल, गिरणीचा खर्च कमी होईल, दोघांचंही भलं. कामगारांचं गणितही साधंच होतं. सहा साच्यांवर आज तीन माणसं आहेत. उद्या दोन राहतील. तिसऱ्याने काय करायचं? आणि जे दोघे राहतील त्यांचं काम दीडपट होणार. कमाई त्या मानाने वाढणार का?

ऑगस्ट १९२७ मध्ये ससूनच्या गिरण्यांत संप झाला, जानेवारी १९२८ मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा संप विस्कटले. नेत्यांमध्येही एकमत नव्हतं. ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन वाटाघाटी करू पाहत होती. तिकडे श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही तरुण कम्युनिस्ट मंडळी सार्वत्रिक संपाची भाषा बोलत होती. यांच्यामध्ये उभी होती गिरणी कामगार महामंडळ ही कामगारांची स्वतःची जुनी संघटना, आणि तिथले अर्जुन आत्माराम आळवे. कोकणातून आलेले, गिरणीत राबलेले आळवे प्रथम सार्वत्रिक संपाला अनुकूल नव्हते. शहरातल्या शिकलेल्या पुढाऱ्यांच्या मागे जाऊन पदरात काय पडतं, हे त्यांनी आधीच्या संपांत पाहिलं होतं. पण एकेक गिरणी एकटी लढून हरते हेही त्यांना दिसत होतं. पुढे ते डांग्यांच्या बाजूने आले, आणि संपाला गिरणीच्या आतून माणूस मिळाला.

एप्रिल १९२८ च्या मध्याला गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. महिनाअखेरीस शहरातल्या जवळजवळ सगळ्या गिरण्या थांबल्या होत्या आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि आळवे तिचे अध्यक्ष झाले. सगळ्या गटांची मिळून एक संयुक्त संप समिती बसली. तिने सतरा मागण्या मांडल्या. कामाच्या पद्धतीत कामगारांना विचारल्याशिवाय बदल करू नये, ही त्यातली कळीची मागणी. दंड, कपात, नियम या इतर मागण्या होत्याच.

संप सहा महिने चालला. खानावळवालीची उधारी आणि वाण्याचं खातं कुठवर पुरणार? हजारो कामगार बोटीने रत्नागिरीला आणि रेल्वेने साताऱ्याकडे गेले. मुंबईच्या संपाची ही एक मोठी ताकदच होती, कारण गावात चार गुंठे का होईना जमीन होती आणि भाकरी मिळत होती. मागे राहिलेल्यांना समितीने धान्य वाटलं. मॉस्कोच्या कापड कामगारांनीही पैसे पाठवले आणि सरकारच्या कपाळावर आठ्या चढल्या. सरकारच्याच हिशेबाने या एका संपात दोन कोटींहून जास्त कामाचे दिवस बुडाले.

हा हिशेब ठेवणारं खातं मुंबई सरकारचंच होतं. १९२१ साली सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केलं. पगार, महागाई, संप, कामगारांच्या घरचा जमाखर्च, सगळ्याची मोजदाद तिथे होऊ लागली. घरखर्चाच्या पाहणीत दिसलं की मुंबईच्या कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहतात. माणसामागे चात्या किती हे सांगणाऱ्या तक्त्याइतकाच हाही उत्पादकतेचा आकडा होता. पाळी संपवून येणारा माणूस कुठे झोपतो, यावर दुसऱ्या दिवशी तो किती तारा सांधेल हे ठरतं. पण दोन तक्ते शेजारी ठेवून वाचायची पद्धत अजून पडली नव्हती.

या संपातला एक प्रश्न मालकांच्या तक्त्यात नव्हता आणि सुरुवातीला संप समितीच्याही यादीत नव्हता. तो मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कापड खातं, म्हणजे विणकामाचं, हे गिरणीतलं जास्त कमाईचं खातं, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना उभं राहू देत नसत. कारण तोच धोटा. धागा तोंडाने ओढायचा, आणि अस्पृश्याचा ओठ लागलेला धोटा सवर्ण साचेवाल्याला चालणार नव्हता. आंबेडकरांनी नेत्यांना स्पष्ट सांगितलं की ही बंदी उठवण्याची मागणी यादीत आली नाही, तर ते आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगतील. मागणी घेतली गेली, फारशा उत्साहाने नव्हे. बंदी आमची नाही, असं मालक म्हणाले, आणि कागदावर ते खरंही होतं. कार्यक्षमता वाढवा म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंना हे सुचलं नव्हतं की माणसाला जातीवरून खात्याबाहेर ठेवणं हीसुद्धा एक नासाडीच आहे. एवढा मोठा आकडा कुणी मोजलाच नव्हता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तडजोड झाली. मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमायची आणि तोवर गिरण्या सुरू करायच्या, असं ठरलं.

फॉसेट समितीपुढे पुढचे काही महिने जे चाललं, ते हिंदुस्थानच्या औद्योगिक इतिहासात तोवर कधी घडलं नव्हतं. मालकांनी सगळ्या गिरण्यांसाठी एकच दरपत्रक पुढे केलं. तोपर्यंत प्रत्येक गिरणीचा दर वेगळा, कापडाच्या जातींची नावं वेगळी, दंडाची पद्धत वेगळी. एकाच जातीच्या कापडाला परळला एक दर आणि शिवडीला दुसरा. एका पत्रकात सगळं बसवायचं म्हणजे कुठल्या सुताच्या कुठल्या कापडाला किती वेळ लागतो, हजार चात्यांमागे किती माणसं लागतात, हे ठरवणं आलं. आणि त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला डांगे, जोशी आणि इतर कामगार पुढारी बसून एकेका कलमावर मालकांना उलट प्रश्न करत होते. कामगारांचा मुद्दा होता तो त्रासन खात्यातलाच: कापूस वाईट, तर तार तुटणार, तार तुटणार, तर दोन साइड माणसाच्या आवाक्याबाहेर जाणार.

मार्च १९२९ मधल्या अहवालात समितीने एकसूत्री दरपत्रक साधारणपणे रास्त ठरवलं. दोन साइड आणि तीन साचे यांनाही तत्त्वतः मान्यता दिली. मात्र चांगला कच्चा माल आणि कामाची योग्य परिस्थिती असेल तरच, ही अट घातली. तत्त्व मालकांना मिळालं, अट कामगारांना. अट पाळली जाते की नाही हे रोज बघणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचं उत्तर युनियन देऊ शकली असती. १९२८ च्या अखेरीस तिचे सभासद पन्नास हजारांच्या पुढे गेले होते आणि गिरणीगणिक समित्या उभ्या राहिल्या होत्या. पण त्याच मार्चच्या २० तारखेला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात देशभर धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, आळवे, सगळे एकदम उचलले गेले. वाडियांच्या गिरण्यांतल्या कामावरून कमी केलेल्या कामगारांच्या प्रश्नावर एप्रिलअखेर दुसरा सार्वत्रिक संप झाला. अनुभवी पुढारी तुरुंगात, फेब्रुवारीतल्या दंगलींनी शहर भाजून निघालेलं, आणि कामगारांच्या खिशात मागच्या संपाचं कर्ज. या संपासाठी नेमलेल्या पिअर्सन चौकशी न्यायालयाने दोष युनियनवर ठेवला. सप्टेंबरात संप मोडला आणि त्याबरोबर युनियनही.

मग आली जागतिक मंदी. ती आली तेव्हा संघटना मोडलेली होती, आणि फॉसेटच्या अहवालातलं तत्त्व उरलं तरी अट गळून गेली. १९३० च्या दशकात दोन साइडची पद्धत त्रासन खात्यांत बऱ्यापैकी पसरली. तीन साचे मात्र मोजक्याच गिरण्यांत रुजले. याचं कारण पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा कापडात शोधावं लागतं. कताई एकाच ठरावीक सुताची असते, तिचं काम बांधून देता येतं. विणकामात तागा बदलला की काम बदलतं, आणि बाजार ढिला असताना गिरण्या रोज नव्या जातीचं कापड काढत होत्या. काही मालकांनी तर हिशेब करून जुनीच पद्धत ठेवली: जुन्या यंत्रावर, हलक्या कापसावर स्वस्त माणसं उभी करणं त्यांना नव्या यंत्रांपेक्षा परवडत होतं. १९३३ मध्ये करीमभाई इब्राहिम यांच्या गिरण्यांचं मोठं घराणं बुडालं. १९३४ मध्ये पगारकपातीवरून पुन्हा संप झाला आणि पुन्हा मोडला. या सगळ्यात सर्वांत निमूटपणे बाहेर पडल्या त्या बायका. वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम एकत्र केलं गेलं, माणसं कमी झाली, आणि कमी होणारी माणसं बहुतेक बायकाच होत्या. त्यांच्यासाठी कुणी संप पुकारल्याची नोंद सहसा सापडत नाही.

या आकड्यांवरचा वाद अर्थशास्त्रज्ञांनी पुढे चालू ठेवला. ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ मध्ये लिहिलं की १९१० च्या सुमारास न्यू इंग्लंडचा एक कापड कामगार जवळपास सहा हिंदी कामगारांइतकं काम करत होता. यंत्रं आणि व्यवस्थापन यांनी हा फरक पुरता उलगडत नाही, असाही त्यांचा दावा आहे. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना उलट बाजूने पाहिलं: मालकांची धरसोड, कापसाच्या सट्ट्यातली गुंतवणूक, स्वस्त माणसांवरचा भरवसा. दोघेही ज्या आकड्यांकडे बोट दाखवतात त्यांचं कूळ ‘माणसामागे यंत्रं किती’ या जुन्याच तक्त्याशी जाऊन मिळतं.

स्वातंत्र्यानंतर मोजमापाची हत्यारं बदलली. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांना अखेर एकसारखं वेतनपत्रक लागू झालं. फॉसेट समितीपुढच्या दरपत्रकापासून त्यासाठी एकोणीस वर्षं गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तज्ज्ञ स्टॉपवॉच घेऊन मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत आले. कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेळ मोजायला शिकवून गेले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. गिरण्यांनी स्वतःच्या संशोधन संस्था काढल्या, १९४७ मध्ये अहमदाबादेत ‘अटिरा’ आणि १९५४ मध्ये मुंबईत ‘बीटीआरए’. या संस्थांची माणसं त्रासन खात्यात उभी राहिली तेव्हा त्यांनी माणसामागच्या चात्यांबरोबर आणखी एक आकडा नेमाने टिपायला सुरुवात केली: शंभर चात्यांमागे तासाला किती तारा तुटतात. तो आकडा वाढला की आधी कापसाची मिसळ, रूळ आणि हवेतला ओलावा तपासला जाऊ लागला, आणि सायडरला किती साइड द्यायच्या हे त्यानंतर ठरू लागलं.